एकदा लाईट गेली, दोन दुखणी बाहेर आली

मामाचा सदाशिव पेठेतला डेस्कटॉप काल रात्री अखेर कुणीही हात न लावता सुरू झाला. गेल्या आठवड्यात पावसात लाईट गेली, आली, आणि स्क्रीनवर उरलं फक्त 'ग्रब रेस्क्यू'. (मामाकडे लिनक्स आहे. ते सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ग्रब; तो अडला की ही तुटपुंजी कमांड-स्क्रीन उरते.) दुकानात "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणाले, तेव्हा मामाचा फोन आला. "अरे, राजगड-तोरण्याच्या सगळ्या निगेटिव्ह स्कॅन करून त्यातच ठेवल्यात. तू एकदा बघतोस का?"

शनिवार. आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यातच आख्खी सिस्टिम असते) मशीन चालू केलं आणि सगळे स्कॅन बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. हे झाल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, म्हणजे घोटाळा फक्त बूटचा, सिस्टिम सुरू होण्याचा.

मग रेस्क्यूवर आलो. संदेश होता 'नो सच पार्टिशन', म्हणजे डिस्कचा तसा कप्पाच नाही. एलएस (यादी दाखवणारी कमांड) दिलं तर एचडी० म्हणजे पहिल्या डिस्कवर एकच पार्टिशन, एचडी१ म्हणजे दुसरीवर दोन. कर्नल, म्हणजे लिनक्सचं मुख्य इंजिन, सापडला एचडी१ च्या पहिल्या पार्टिशनवर. बूटचं पार्टिशन वेगळं असल्यामुळे प्रीफिक्स (ग्रबने आपल्या फाइल कुठे शोधायच्या तो पत्ता) '/बूट/ग्रब' नाही, नुसता '/ग्रब' द्यायचा. इथे बरेच जण चुकतात. तो दिला, 'इन्समॉड नॉर्मल' (ग्रबचं नेहमीचं मॉड्यूल, म्हणजे जोड-तुकडा, चढवणारी कमांड) मारलं, आणि उत्तर आलं: 'सिम्बॉल नॉट फाउंड'.

या एका ओळीपाशी मी तासभर बसलो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली हीच खरी गंमत. मॉड्यूल वाचलं जातंय, पण जुळत नाहीये. म्हणजे चालू झालेला ग्रबचा गाभा एका आवृत्तीचा आणि डिस्कवरची मॉड्यूल्स दुसऱ्या. मग हा गाभा आला कुठून? मामाला विचारलं. पहिली डिस्क पूर्वी सिस्टिमची होती, नंतर पुसून फोटोंसाठी घेतली. पार्टिशन फॉरमॅट केलं तरी एमबीआरमधले (डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमधले) बूट कोडचे ४४६ बाइट आणि त्यामागच्या मोकळ्या जागेतला गाभा तसाच राहतो. मशीन चालू होताच सगळ्यात आधी धावणारा बायॉस त्या जुन्या भुतालाच उठवत होता.

पण इतकी वर्षं नाही आणि आताच का? बायॉसची सेटिंग जपणारा सीमॉसचा सेल मल्टीमीटरवर २.१ व्होल्ट दाखवत होता, ३ हवेत. लाईट जाताच बायॉसची सेटिंग पुसली गेली आणि बूटचा क्रम पुन्हा पहिल्या डिस्कवर आला. पासोड्या विठोबाजवळून सीआर२०३२ आणला, क्रम बदलला, मेनू आला.

आणि लगेच कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकले! रूट फाइलसिस्टिम (जिथे मुख्य सिस्टिम असते) माउंट होईना, म्हणजे जोडली जाईना, 'अननोन ब्लॉक ०,०'. खरं सांगतो, क्षणभर धीर सुटला. पण हे शून्य-शून्य बहुतेक वेळा इनिटरॅमएफएस (मुख्य डिस्क जोडण्याआधी कर्नल वापरतो ती छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) नसल्याची खूण असते. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल निवडला, तर सिस्टिम सरळ चालू झाली.

मंगळवार. डीएफने (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) उत्तर दिलं: २५० एमबीचं बूट पार्टिशन १०० टक्के भरलेलं. अपडेटने नवा कर्नल कसाबसा बसवला, त्याच्या इनिटरॅमएफएसला जागाच उरली नाही. मामा मशीन कधी बंद करत नाही, नुसतं झोपवतो. त्यामुळे हे दुखणं किती दिवस लपून होतं कोण जाणे. यूनेम (चालू कर्नल कोणता ते सांगणारी कमांड) बघून चालू कर्नल वगळला, सर्वांत जुना काढला, 'डीपीकेजी कॉन्फिगर' (अर्धवट राहिलेलं इन्स्टॉल पुरं करणारी कमांड) पूर्ण करून घेतलं, इनिटरॅमएफएस नव्याने बनवला, मेनू नव्याने बनवणारं 'अपडेट ग्रब' चालवलं. बाकी काही करावं लागलं नाही.

पहिल्या डिस्कवरचा जुना कोड डीडीने (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) शून्य करायचा विचार होता. (करणार असाल तर ४४६ च बाइट, ५१२ नाही, पुढच्या ६४ बाइटमध्ये पार्टिशन टेबल असतं.) शेवटी तसं न करता ग्रब दोन्ही डिस्कवर बसवला. आता सेल पुन्हा उतरला आणि क्रम उलटला, तरी मेनू येईल. क्रम मुद्दाम उलटा करून, प्लग काढून दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा आला.

बूट पार्टिशन मोठं करायचं राहिलंय. त्यासाठी एलव्हीएम (उरलेल्या डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) आकसावं लागेल, तेव्हा पुढच्या रविवारी, दुसरा बॅकअप घेऊन झाल्यावर.