विलंब नावाचे औषध

आज दुपारच्या बैठकीत एका सहकाऱ्याने माझ्या अहवालावर सर्वांसमोर ताशेरे ओढले, तेव्हा तिथल्या तिथे उत्तर देण्याची तीव्र इच्छा होत असतानाही मी त्यांचे आक्षेप फक्त वहीत उतरवून घेतले. मनावरचा संयम शिकवणाऱ्या स्टोइक पंथातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधावरील ग्रंथात विलंब हा रागावरचा सर्वांत मोठा उपाय सांगितला आहे आणि गेले काही महिने त्याचे वाचन सुरू असल्यामुळेच तो ऐनवेळी आठवला. संध्याकाळी वही उघडली, तेव्हा एक आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा वाटला. बाकीच्यांत चढ्या आवाजाखेरीज फारसे काही नव्हते.

याच पंथातल्या, गुलामगिरीत जन्मलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाची शिकवण त्याचा शिष्य एरियन याने टिपून ठेवली. तिचा आरंभच असा की आपली मते, इच्छा आणि प्रयत्न आपल्या हाती असतात. शरीर, संपत्ती, लौकिक आणि अधिकारपद मात्र नाही. पुष्कळांना ही अलिप्तता किंवा हतबलता वाटते. मला तसे मुळीच वाटत नाही, कारण लौकिकाची चिंता बाजूला सारल्यावरच मला त्या आक्षेपाकडे स्वच्छ नजरेने पाहता आले.

याच पंथातल्या मार्कस ऑरेलियसचे मला विशेष अप्रूप आहे. रोमचा सम्राट असूनही, आज आपल्याला कृतघ्न आणि उद्धट माणसे भेटतील, तरीही ती आपलीच भावंडे आहेत, असे तो स्वतःलाच बजावत असे. हे पचवणे मला अजूनही सर्वांत जड जाते. उद्या सकाळी त्या सहकाऱ्यांशी निवांत बोलून अहवालातील तो भाग दोघांनी मिळून पुन्हा लिहावा, असे सुचवणार आहे.