तोकामाचीची बेगमी: बर्फाच्या गावातली रोजनिशी

१८ नोव्हेंबर

जपानच्या नीगाता प्रांतातल्या तोकामाचीत या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ फळ्यांचा खडखडाट ऐकू येतो. युकिगाकोई चालली आहे, म्हणजे घराला बर्फापासून आडोसा करणं. जुन्या घरांच्या खिडक्यांबाहेर खाचा असलेल्या उभ्या पट्ट्या कायमच्या बसवलेल्या असतात. त्या खाचांत आडव्या फळ्या एकावर एक सरकवत न्यायच्या आणि उजेडासाठी वर वीतभर फट ठेवायची. छपरावरून उतरलेला बर्फ वळचणीला साचतो, दबत जातो आणि आडवा रेटा देऊन काच फोडतो, म्हणून ही खटपट. कोकणात मे सरता सरता पडवीला झापं बांधतात, अगदी त्याच घाईनं आणि त्याच हिशेबानं हे काम उरकतात. बागेतल्या झाडांभोवतीही वासे उभे करून, शेंडे एकत्र आणून सुंभानं आवळतात. नाहीतर ओल्या बर्फानं फांदी बुंध्यापासून सोलून निघते.

कोकणाची आठवण उगाच होत नाही. सैबेरियाकडून येणारा कोरडा गार वारा जपानचा समुद्र ओलांडताना त्सुशिमा या उबदार प्रवाहावरची वाफ उचलतो आणि एचिगोच्या डोंगरांना येऊन थडकतो. सह्याद्रीला नैऋत्येचा वारा थडकतो तसाच. डोंगरापलीकडचं टोकियो म्हणजे घाटावरचा देश: हिवाळाभर लख्ख ऊन, कोरडी हवा. डोंगराच्या अलीकडे, इथे, मात्र जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं आणि आकाश दिवसेंदिवस उघडत नाही. त्यामुळे पडतो तो बर्फ ओला, चिकट आणि जड. मनालीची थंडी डोळ्यांपुढे ठेवून जाडजूड कोट घेऊन येणाऱ्याची तयारी इथे अपुरी पडते. तयारी करायची ती आषाढाची.

२ डिसेंबर

रॉकेल भरून ठेवायचे दिवस. लाल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये १८ लिटर मावतं. पंपावर भरून आणता येतं, नाहीतर गाणं वाजवत फिरणारा टँकर दारात येतो.

पहिलं काम म्हणजे गेल्या वर्षीचं उरलेलं रॉकेल ओळखणं. एका काचेच्या पेल्यात पाणी, दुसऱ्यात रॉकेल घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरायचं. रॉकेल पाण्याइतकंच स्वच्छ दिसलं पाहिजे. पिवळट झाक किंवा आंबूस वास आला की ते बाद. असं रॉकेल फॅन हीटरमध्ये गेलं तर आत काजळी धरते, पेटायला वेळ लागतो आणि शेवटी यंत्र बंद पडतं. दोष रॉकेलचा असतो आणि लोक हीटर बदलतात.

टाकी भरण्याआधी हीटर विझवायचा. झाकण लावल्यावर टाकी उलटी करून बोटानं कड चाचपायची, ओल लागली तर झाकण तिरकं बसलंय. आगी लागतात त्या झाकणाच्या या अर्धवट फेऱ्यामुळे. पेट्रोलचा डबा रॉकेलच्या शेजारी ठेवायचा नाही, एक दिवससुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. १ लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन खोलीत येतं. ही वाफ रात्रभरात काचांवर आणि कपाटामागच्या गार भिंतीवर उतरते, गादीखाली शिरते. पंधरा दिवसांत काळी बुरशी धरते. म्हणून दर तासाला मिनिट-दोन मिनिटं दोन खिडक्या समोरासमोर उघडायच्या. त्यानं विषारी वायूही जातो आणि वाफही. सकाळी काचेवरचं पाणी रबरी पट्टीनं ओढून काढायचं, गादी रोज उचलून उभी करायची, कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवायचं. कपडे वाळत नाहीत. श्रावणात दोरीवरच्या कपड्यांना येतो तोच कुबट वास इथे जानेवारीत येतो, त्याला नाण्यावर चालणाऱ्या ड्रायरवाचून उपाय नाही.

१५ डिसेंबर

पहाटे ढग गडगडले. थंडीत गडगडाट ऐकून नवखा माणूस दचकतो. इथे त्याला युकिओकोशी म्हणतात, बर्फाला जागं करणारा. त्यामागोमाग मोठा बर्फ येतो असा अनुभव आहे. समुद्रावरच्या उबदार हवेवर एकाएकी फार गार हवा चढली की उंच ढग बांधले जातात, त्यातून वीजही होते आणि बर्फही.

पायांत गमबूटच हवेत, गुडघ्याखालपर्यंत येणारे, दोन मोजे मावतील असे एक माप मोठे. चामड्याचे डोंगरी बूट इथे तासाभरात भिजतात. कारण रस्त्यावर बर्फ असतो आणि त्यात पाणी असतं. गावातल्या बऱ्याच रस्त्यांच्या मधोमध नळ्या पुरलेल्या आहेत, त्यांतून भूजल फवारतात. जमिनीखालचं पाणी भर हिवाळ्यातही १२-१४ अंशांवर असतं, त्यानं बर्फ विरघळतो. ही युक्ती शेजारच्या नागाओका शहरात निघाली. पाण्यातल्या लोहामुळे रस्ते तांबूस होतात, आणि उपसा फार झाला तर जमीन खचते, म्हणून बर्फ थांबला की पाणीही बंद करतात. अशा रस्त्यावरून चालताना गाडीचा वेग पाहून कडेला थांबावं, नाहीतर कमरेपर्यंत आंघोळ होते.

चालायचं ते आखूड पावलांनी. टाच आधी न टेकता सगळा तळवा एकदम ठेवायचा, वजन किंचित पुढे, हात खिशाबाहेर, सामान पाठीवर. भाताच्या बांधावरून पावसात चालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. घसरायच्या जागा ठरलेल्या: रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे आणि दुकानाच्या दारातली फरशी. रात्री बुटातलं आतलं अस्तर काढून हीटरपासून हातभर लांब वाळत ठेवावं.

२८ डिसेंबर

बर्फ काढणारी गाडी पहाटे दोन-तीनच्या सुमारास निघते आणि लोक कामाला जायच्या आत रस्ता मोकळा करते. जाताना प्रत्येक फाटकापुढे दाबलेल्या ढेकळांचा बांध सोडते. तो लगेच फोडायचा. उन्हं येऊन पुन्हा गारठला की दगड होतो. आणि काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही. मागून येणाऱ्याची गाडी त्यावर घसरते.

गाडी उभी करताना वायपर उभे करून ठेवायचे, गिअर पार्किंगवर, हातब्रेक मोकळा. ओढलेला हातब्रेक गोठला की सुटत नाही. निघताना टपावरचा बर्फ पूर्ण झाडायचा. तो तसाच राहिला तर पहिल्या ब्रेकला सगळा समोरच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, ती तडकते. डिझेलची गाडी उबदार भागातून आणली असेल तर इथे पोचताच टाकी भरून घ्यावी, तिकडचं डिझेल इथल्या गारठ्यात दाट होऊन नळीत अडतं.

डिसेंबर २०२० मध्ये कानएत्सु द्रुतगती मार्गावर सुमारे २१०० गाड्या बर्फात अडकल्या, सगळ्या सुटायला दोन दिवसांहून जास्त लागले. अशा वेळी जीव जातो तो थंडीपेक्षा धुरानं. बर्फानं सायलेन्सरचं तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीखालून आत शिरतो, त्याला वास नसतो. इंजिन बंद ठेवून पांघरुणात बसावं. चालू करावंच लागलं तर आधी मागचा बर्फ उकरावा आणि तो पुन्हापुन्हा उकरत राहावा. म्हणून फावडं डिकीत ठेवू नये, आतल्या बाजूला, हाताशी ठेवावं. डिकी उघडेलच याची खात्री नसते.

आगगाडीचं मात्र वेगळं आहे. जोएत्सु शिनकान्सेनच्या रुळांवर कोमट पाण्याचे फवारे आहेत, ती क्वचितच अडते. टोकियोहून एचिगो-युझावा सुमारे ८० मिनिटं, तिथून होकुहोकु मार्गानं तोकामाची. सुट्टीत येणाऱ्यानं गाडी चालवायचा मोह टाळावा.

११ जानेवारी

चार दिवस थांबला नाही. आज गल्लीत तीन छपरांवर माणसं दिसतात. युकिओरोशी, छपरावरचा बर्फ उतरवणं.

कधी उतरवायचा ते घरच सांगतं. आतली सरकती दारं जड झाली, चौकटीत घासायला लागली, की वरच्या वजनानं तुळया वाकताहेत. आकडे मनात ठेवावेत: ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास, दबून बसलेला ३००, वसंतातला पाणी धरलेला ५००. साठ चौरस मीटरच्या छपरावर मीटरभर दबलेला बर्फ म्हणजे १८ टन. म्हणून थोडा आहे तोवर उतरवणं शहाणपणाचं.

एकट्यानं चढायचं नाही. हेल्मेट हवंच. कंबरपट्ट्याचा दोर छपराच्या पलीकडच्या बाजूला पक्क्या आधाराला बांधायचा, आणि लांबी अशी की घसरलं तरी पाय जमिनीला पोचणार नाहीत. फार लांब दोर असून नसल्यासारखा. शिडी वरून दोरानं बांधायची, अपघात चढण्यापेक्षा छपरावरून शिडीवर पाय टाकताना जास्त होतात. पत्र्यापर्यंत खरवडायचं नाही, वीतभर थर ठेवायचा. उघडा पत्रा साबणासारखा निसरडा असतो.

हत्यार म्हणजे स्नो डंप, दोन हातांनी ढकलायचं मोठं सूप म्हणा. फावड्यानं तीन बाजूंनी चिरा पाडायच्या, डंप खाली सारायचा, दांडा दाबून ठोकळा सुटा करायचा आणि घसरत नेऊन सोडायचा. उचलायचं नाही. उचलणारा अर्ध्या तासात कंबर धरून बसतो. बर्फ पत्र्याला चिकटायला लागला की मेणबत्ती घासावी.

बर्फ थांबून ऊन पडलेली सकाळ सगळ्यांत वाईट. छपराशी टेकलेला थर वितळतो आणि सगळा पट एका दमात खाली येतो. मुलांना वळचणीला खेळू देऊ नये. परदेशी भाडेकरूनं घर घेतानाच विचारावं: छपरावरचा बर्फ कोण उतरवणार आणि टाकायचा कुठे. शेजाऱ्याच्या हद्दीत पडलेल्या ढिगावरून वर्षानुवर्षांचा अबोला धरला जातो. नव्या घरांतून तळमजला काँक्रीटचा, त्यात गाडी, आणि राहणं वरच्या मजल्यावर, तेही याचसाठी.

२५ जानेवारी

आकाश निवळलं. चांदणं पडलं की नळांची काळजी. ढगांचं पांघरूण नसलेल्या रात्री पारा उणे ४ च्या खाली गेला तर नळ्या गोठतात.

झोपण्याआधी घरातला पाणी उतरवायचा मुख्य खटका पूर्ण फिरवायचा. अर्धा फिरवला तर पाणी जमिनीत झिरपत राहतं आणि बिल येतं तेव्हा कळतं. मग सगळे नळ उघडायचे, म्हणजे हवा शिरून नळीतलं पाणी उतरतं. संडासाची टाकी एकदा सोडायची. सकाळी नळ बंद करून खटका हळूहळू उघडायचा. गीझरचं बटण बंद केलं तरी वायर प्लगमध्येच ठेवायची, आतली गोठण टाळणारी तार विजेवर चालते. नळ गोठलाच तर फडकं गुंडाळून कोमट पाणी सावकाश ओतावं. उकळतं पाणी ओतलं की नळी फुटते.

थंड घरात गरम आंघोळ हा वयस्क माणसांना खरा धोका. रक्तदाब एकदम चढउतार होतो. कपडे काढायची खोली आधी गरम करावी, पाणी ४१ अंशांपर्यंतच, आणि १० मिनिटांत बाहेर. आईवडील भारतातून हिवाळ्यात येणार असतील तर त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगावं.

१२ फेब्रुवारी

रस्त्याकडेच्या गटारातून नदीचं पाणी खळाळतंय, त्यात बर्फ लोटायचा. प्रत्येक आळीला वेळ ठरलेली असते आणि ती पाळायचीच. सगळ्यांनी एकदम लोटलं तर ढेकळं अडकतात आणि खालच्या अंगाच्या घरांत पाणी शिरतं. ढेकूळ फोडून टाकायचं, पाणी चढायला लागलं की थांबायचं. आणि झाकण प्रत्येक वेळी लावायचं, उघड्या तोंडातून माणूस आत गेला तर प्रवाह त्याला झाकणांखालून ओढून नेतो.

शेजारच्या ताकादात २६ फेब्रुवारी १९४५ ला ३७७ सेंटीमीटर बर्फ मोजला गेला, समुद्राजवळच्या सखल गावात. तिथल्या जुन्या पेठेत घरांपुढे गांगी आहेत, म्हणजे प्रत्येकानं आपल्या जागेत काढलेली, शेजाऱ्याला जोडलेली पडवी. सगळी पेठ पायही न भिजवता चालता येते.

तोकामाचीच्या डोंगरात एका जुन्या शाळेत मिथिला संग्रहालय आहे. तिथे आपल्या पालघरकडची वारली चित्रंही आहेत, जिव्या सोमा मशे यांचीसुद्धा. भाताच्या पिठानं काढायची ही चित्रकला आणि हा भाताचाच मुलूख. जाण्याआधी उघडं आहे का विचारून निघावं.

९ मार्च

दुपारी वितळतं, रात्री गोठतं. निरभ्र पहाटे शेतांवरचा बर्फ इतका टणक होतो की माणूस न रुतता कुठेही सरळ चालत जातो. बांध नाही, कुंपण नाही. त्याला शिमिवातारी म्हणतात. आठ-नऊपर्यंत परतावं, ऊन लागलं की गुडघ्यापर्यंत पाय जातो. ओढ्याच्या जागा टाळाव्यात, तिथे बर्फ खालून पोकळ झालेला असतो. बीच झाडांच्या बुंध्यांभोवती गोल आळी पडू लागली आहेत.

१० एप्रिल

शेतकरी बर्फावर काळी भुकटी उधळताहेत. काळा रंग ऊन शोषतो आणि वाफे आठवडाभर आधी मोकळे होतात. घरोघरी युकिगाकोईच्या फळ्या उतरल्या. त्या भिंतीला टेकवून पुरत्या वाळवायच्या, मगच रचायच्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर कुठल्या खिडकीची ते खडूनं लिहायचं. उरलेलं रॉकेल थंड सकाळी जाळून संपवायचं. कॅन रिकामा करून, झाकण लावून, सावलीत ठेवायचा.