काहून एवढा त्रास?

"काहून वो ताई एवढा त्रास? बर्डीच्या बाजारात ढिगानं मोजे मिळतात न!" थेरपी सेंटरच्या बाकावर शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी लेकासाठी मोजा विणत होते, टाच वळवत होते. टाके मोजणं चुकू नये म्हणून नुसती हसले.

विकतच्या मोज्यात बोटांवर आडवी शिवण असते. आपल्याला जाणवतही नाही, माझ्या लेकाला मात्र ती दिवसभर खड्यासारखी टोचते. मग वर्गात बूट भिरकावले जातात आणि डायरीत शेरा येतो, 'शिस्त नाही'. दोन्हीकडे टोकं असलेल्या सुयांवर मोजा गोल विणत नेला आणि शेवटचे टाके सुईनं एकमेकांत गुंफले, की शिवणीची गाठच राहत नाही. धागा सुती घेते. नागपुरात लोकरीची थंडी असते तरी किती दिवस!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मान्यताप्राप्त शाळेनं मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची असते. मी शाळेत फक्त विचारलं, शाळेचा लोगो नसलेले, घरी विणलेले पांढरे मोजे चालतील का?

"मग बाकीचे पालकही मागतील," मॅडम म्हणाल्या.

मागू देत की! त्यांच्या पोरांना काय टोचतं, कोणी विचारलंय का कधी?