नाकाबंदीचा तास

नाकाबंदीचा सराव असला की आमच्या प्रशिक्षण केंद्रातली जुनी बोलेरो ‘संशयित गाडी’ होते. बॅरिकेड लावायचे, दोघं पुढे, दोघं कव्हरला, एक वॉकीटॉकीवर. त्या दिवशी बोलेरोतून उतरलेल्या ‘अतिरेक्या’ने लाकडी रायफल रोखली आणि पुढच्या पोराने काठी टाकून सरळ नळीच पकडली. छातीशी ओढून घेतली. तुकडीने टाळ्या वाजवल्या.

मी शिट्टी मारली. “हे कुठे शिकलास रे?”

“ओंबळे साहेब, उस्ताद.”

पोरगा जावळी तालुक्यातला. ओंबळेंचं केडंबे त्याच तालुक्यात.

आता याला काय सांगायचं? समोरच्याची नळी धरा, असं आमच्या कुठल्याच पाठात नाही. आडोसा घ्या, अंतर ठेवा, हेच मी घसा बसेपर्यंत ओरडत असतो. आणि देशाने अशोकचक्र दिलं ते याच्या नेमकं उलटं करणाऱ्याला! सराव थांबवला, सगळ्यांना मैदानातच बसवलं आणि सुरुवात ओंबळेंपासून नाही, पोलीस शिपाई अरुण जाधवांपासून केली.

२६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरचा अतिरेकी हल्ला. रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर हे पोलीस अधिकारी पडले. त्यांच्या क्वालिसमध्ये मागे जाधव जखमी होऊन पडलेले, आणि अतिरेक्यांनी तीच गाडी पळवली. टायर बसला म्हणून पुढे त्यांनी एक स्कोडा हिसकावली. ते गेल्यावर जाधवांनी तशा अवस्थेत वायरलेसवरून कंट्रोलला कळवलं. चंदेरी स्कोडाचा संदेश गिरगाव चौपाटीपर्यंत पोचला. तिथे डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी होती आणि तिच्यात सहायक फौजदार तुकाराम ओंबळे. सैन्याच्या सिग्नल (संदेशवहन) विभागात नोकरी करून १९९१ मध्ये पोलिसांत आलेले.

मध्यरात्र उलटली होती. गाडी बॅरिकेडच्या अलीकडे थांबली. हेडलाइट लावलेले, वायपर चालू, काचेवर पाण्याचा फवारा, म्हणजे आतलं कुणाला दिसू नये. हे मी पोरांना दोनदा सांगितलं. थांबलेली गाडी शरण आलेली नसते. वळून पळायला गेली ती दुभाजकावर अडकली. चालवणाऱ्या इस्माईलला गोळी लागली. दुसरा अतिरेकी कसाब, शरण येतोय असं दाखवत उतरला आणि त्याने एके-४७ चालवली. ओंबळेंच्या हातात काठी. त्यांनी नळी धरली आणि गोळ्या लागत असतानाही सोडली नाही. नाकाबंदीतले अधिकारी संजय गोविलकर जखमी झाले. बाकीच्यांनी काठ्या घेऊन कसाबवर झडप घातली आणि त्याला जिवंत पकडलं. ओंबळेंना किती गोळ्या लागल्या याचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. मला त्यात रस नाही.

“म्हणूनच केस उभी राहिली ना, उस्ताद?” मागून एका मुलीने विचारलं.

अगदी. दहा आले, जिवंत सापडला हा एकच. तो आपलाच नागरिक आहे हे पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये कबूल करावं लागलं. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी झाली. नऊ प्रेतांना कोर्टात प्रश्न विचारता येत नाहीत.

कुणीतरी कोळ्याचं काढलं. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला २०२१ मध्ये ओंबळेंवरून आयसियस तुकारामी असं नाव दिलंय. चौकांना नावं देणं सोपं असतं. हे मला जास्त आवडलं.

जावळीवाला मात्र हटेना. “मग मी चुकलो का, उस्ताद?”

“सरावात चुकलास,” मी म्हणालो. “त्यांच्याजवळ तेव्हा दुसरं काही उरलं नव्हतं. तुझ्यामागे दोन बंदूकवाले कव्हरला उभे होते, आणि तू नेमका त्यांच्या आणि गाडीच्या मधे आलास. त्यांनी गोळी कुठून मारायची?”

तो गप्प झाला. पटलं की नाही, कळलं नाही. त्या वयात मलाही पटलं नसतं.

दुसऱ्या फेरीला त्याला वॉकीटॉकी दिला. बोलेरो आली, न थांबता निघून गेली, आणि याने गाडीचा रंग सांगितला, दिशा सांगितली, नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे सांगितले. पुढच्या नाक्यावरच्या पोरांनी बोलेरो आरामात जाऊ दिली. तिसरी फेरी लावली.