बडोदं: बँडच्या वाटेनं एक दिवस

बडोद्याला आलेला माणूस लक्ष्मी विलास राजवाडा बघतो, शेव-उसळ खातो आणि गाडी पकडतो. आम्ही या वेळी निघालो गायकवाडी बँडच्या, म्हणजे बडोदा संस्थानच्या जुन्या वाद्यवृंदाच्या मागावर. दांडिया बाजारातल्या आत्याला हे खूळच वाटलं, पण आली बरोबर.

सुरुवात सूरसागरकाठच्या संगीत महाविद्यालयापासून करा. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली आणि गवई मौलाबक्षांना प्रमुख नेमलं. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी, म्हणजे सूर कागदावर लिहायची पद्धत, तयार केली होती. मैफिलीतल्या गवयाचं कागदावाचून अडत नाही, पण वीस-तीस जणांनी एकाच वेळी एकच चाल वाजवायची तर ती लिहिलेलीच हवी. पुढे संस्थानच्या बँडचे फ्रेडिलिस साहेब या शाळेचेही प्रमुख झाले. १९१६ साली भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. माझ्या मते बँड ही इथे नुसती मिरवणुकीची हौस नव्हती. संगीत लिहून, वर्गात बसवून शिकवायचं, या सगळ्या खटाटोपातलाच तो एक भाग होता.

जायचं तर कॉलेज चालू असलेल्या दिवशीच. सुट्टीत नुसता दरवाजा दिसेल. आधी ऑफिसात जाऊन काय पाहायचंय ते सांगा, ओळखपत्र जवळ ठेवा, रियाज चालू असलेल्या खोलीत डोकावू नका. जुने कागद चाळायचे असतील तर आपल्या संस्थेचं पत्र आणलेलं बरं. फोटो विचारूनच.

समोर न्यायमंदिराची इमारत आहे, ती बाहेरून बघितली की पुरे.

तिथून रिक्षानं सयाजीबाग. जुनी मंडळी अजून कमाटीबागच म्हणतात, रिक्षावाल्यालाही ते कळतं. १८७९ साली केलेल्या या बागेत बँडस्टँड आहे. लोक त्याला वळसा घालून म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघायला पळतात. तुम्ही आधी इथे थांबा. असा चौथरा चहूबाजूंनी मोकळा का ठेवतात आणि वर छप्पर का असतं, हे उभं राहिल्यावर कळतं: ऐकणारे सगळीकडून येणार, आणि छपरामुळे आवाज वर उडून न जाता खाली लोकांकडे वळतो. आत्यानं टाळ्या वाजवून तपासलं!

बाग शेवटी ठेवण्यात फायदा आहे. स्टेशन इथून चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे संध्याकाळची गाडी आरामात मिळते. उन्हाळ्यात मात्र दुपार टाळा. आणि फोटोसाठी विश्वामित्रीच्या काठावर उतरू नका, नदीत खरोखरच मगरी आहेत.