खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा बार उचलताना

ओळखीतल्या कोणाचे खांद्याचे ऑपरेशन ठरले की मला हमखास विचारले जाते, “तुम्ही पुन्हा पूर्वीसारखे वजन किती दिवसांत उचलू लागलात?” तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो. नुसता 20 किलोचा बार डोक्यावर नेण्यास मला सात महिने लागले, आणि बेंच प्रेसचे, म्हणजे बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलण्याचे, जुने वजन गाठेपर्यंत सव्वा वर्ष उलटले.

माझ्या उजव्या खांद्यातील सुप्रास्पायनेटस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, हाडापासून सुटली होती. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत ती अँकर (हाडात बसवलेल्या बारीक खुंट्या) आणि टाक्यांच्या आधाराने दंडाच्या हाडाच्या माथ्याशी पुन्हा बांधण्यात आली. टाके कंडरेला फक्त जागेवर धरून ठेवतात. हाडात रुजण्याचे काम तिचे तिलाच करावे लागते. त्यासाठी साधारण 12 आठवडे जातात आणि पुरती बळकटी येण्यास त्यानंतरही बरेच महिने लागतात. दुखणे मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबते, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

माझ्याकडून चूक झाली ती दहाव्या आठवड्यात. रात्री शांत झोप लागू लागली होती, हात कपाळापर्यंत सहज जात होता, आणि दारात आलेला भरलेला गॅस सिलिंडर, सुमारे 30 किलोचा, मी सवयीने उजव्या हाताने वीतभर उचलला. पत्नी “अहो, ठेवा तो!” म्हणेपर्यंत खांद्यात कळ गेली होती. पुढच्या तीन रात्री मी खुर्चीत बसून काढल्या. तपासणीत टाके शाबूत निघाले. पण तेव्हापासून दुखत नाही म्हणजे जुळून आले आहे, असे मी कधीही गृहीत धरले नाही.

पहिले सहा आठवडे हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवलेल्या झोळीत, होता. डाव्या हाताने ओट्याचा आधार घेऊन वाकायचे, उजवा हात सैल सोडायचा आणि शरीराच्या हेलकाव्याने त्याला लहान लहान वर्तुळे काढू द्यायची, एवढाच व्यायाम. पायांसाठी मी चालणे आणि जागेवरची सायकल चालू ठेवली. पाठीवर बार घेऊन स्क्वाट मात्र फार उशिरा सुरू केले, कारण त्यात वजन पायांवर असले तरी बार धरताना खांदा मागे आणि बाहेर वळतो, आणि नव्याने जोडलेल्या कंडरेला नेमकी तीच स्थिती जड जाते.

तीन महिन्यांनंतर रबरी बँड हाती आला. फिजिओथेरपिस्टने कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवायला लावली आणि कोपर न हलवता हात बाहेर वळवायला सांगितले. सातव्या-आठव्या वेळी गुंडाळी खाली पडायची. म्हणजे लहान स्नायू थकला आणि मोठे स्नायू त्याचे काम ओढून घेऊ लागले. आरशात खांदा कानाकडे सरकताना दिसला तरी त्याचा अर्थ तोच. माझी मोजणी गुंडाळी पडेपर्यंतच चालायची. हे दोन महिने सर्वांत कंटाळवाणे होते आणि सर्वांत मोलाचेही. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांविषयी मला मनापासून काळजी वाटते.

सहाव्या महिन्यात, शल्यचिकित्सकांनी परवानगी दिल्यावर, बार आला. बेंचवर कोपरे अंगापासून फार दूर न नेता आणि छातीवर घडी घातलेला टॉवेल ठेवून, म्हणजे बार पूर्ण खाली न आणता, मी सुरुवात केली. वाढ करायची ती दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची, तीही दोन आठवडे तेच वजन निमूटपणे पेलल्यावरच. व्यायाम करताना किंचित दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले, तर ते चालण्यासारखे. रात्री झोपमोड झाली किंवा सकाळी हात कालच्याइतका वर गेला नाही, तर वजन कमी करायचे, असे मला सांगितले होते. तसे मी चारदा केले.

तुमची कंडरा किती फाटली होती, वय काय, टाके कसे घातले, यावर हे आठवडे बदलतात, म्हणून माझे आकडे तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच वापरा. बेंच प्रेस आज 80 किलोवर आहे. मानेमागून प्रेस मी कायमचा सोडला, आणि टॉवेलची ती गुंडाळी अजूनही रोज जिमच्या पिशवीत घेऊन जातो.