चोवीस तारखेची नाईट

२५ डिसेंबर, रात्रीचे साडेअकरा

आईला आत्ता कुठे डोळा लागला. दोन गोधड्या घातल्यात, तरी एक हात बाहेरच. जालन्यात यंदा थंडी बरी पडलीय. दुपारी वाड्यातल्या बायका गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांनीही शाली काही काढल्या नाहीत.

गेले पाच-सहा दिवस जेवणं आटोपली की आम्ही दोघी लॅपटॉप उघडून बसतो. नाताळचे सिनेमे बघायचे असं मीच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी नेहमीचा एक लावला. बर्फ, लाल टोपी, झाडाखाली रंगीत कागदात बांधलेली खोकी, आणि सगळं घर जेवायला एकत्र. सिनेमा वाईट नव्हता, पण अर्ध्या तासाने मी बंद केला. त्या घरात सगळे हजर होते. आमच्याकडे चोवीस डिसेंबरच्या रात्री सगळे कधीच नसायचे.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिच्याबरोबरच्या बऱ्याच सिस्टर ख्रिस्ती. त्यांना चोवीसच्या रात्री चर्चला जायचं असायचं, म्हणून त्या रात्रीची नाईट आई घ्यायची. लक्ष्मीपूजनाची नाईट पलीकडच्या गल्लीतल्या मावशी घ्यायच्या. चार्टवर काहीही लिहिलेलं असो, दोघींचं आतून ठरलेलं. पंचवीसच्या सकाळी आई साडेआठला घरी यायची, पिशवीत मावशींच्या करंज्यांचा डबा. स्टीलचा, झाकणावर मावशींची आद्याक्षरं कोरलेली. डबा माझ्या हातात देऊन ती तशीच अंथरुणात शिरायची. माझा नाताळ म्हणजे तो डबा आणि डेटॉलचा वास येणारी झोपलेली आई.

म्हणून मग मी त्या रात्री दिवे लावलेल्या घराबाहेर राहिलेल्या माणसांचे सिनेमे शोधायला लागले.

पहिला लावला बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’. १९६० चा, कृष्णधवल, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळालेला. न्यूयॉर्कमधला एक साधा कारकून आपल्या खोलीची किल्ली साहेब लोकांना त्यांच्या भानगडींसाठी देत असतो, बढतीच्या आशेने. ऑफिसात लिफ्ट चालवणारी मुलगी त्याला आवडते. तिचं त्याच्याच मोठ्या साहेबाशी प्रकरण आहे, हे त्याला नाताळच्या पार्टीत कळतं, तेही तिच्या हातातल्या तडकलेल्या आरशावरून. त्या रात्री तो घरी येतो तर ती त्याच्याच पलंगावर, झोपेच्या गोळ्या घेऊन पडलेली.

इथपर्यंत मी आईला मधेमधे मराठीत सांगत होते. इथून पुढे सांगावं लागलं नाही. शेजारचा डॉक्टर येतो, तिचं पोट रिकामं करतो, गालावर चापट्या मारतो, कडक कॉफी पाजतो आणि दोघं मिळून तिला खोलीत चालवत राहतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आई भिंतीला टेकून बसली होती ती सरळ झाली. “झोपू देऊ नका तिला,” स्क्रीनकडे बघत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “आता असं चालवत नाहीत हं. कॉफीही पाजत नाहीत.”

मी सिनेमा थांबवला, कारण ती बोलायला लागली होती.

अशाच एका चोवीस तारखेला परतूरकडच्या एका खेड्यातून एका पोरीला जीपमध्ये घालून आणलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कपाशीवर फवारायचं औषध घेतलेलं. आमच्याकडे ‘औषध घेतलं’ एवढंच म्हणतात, पुढचं सगळ्यांना कळतं. नळी घालून पोट धुतलं, विषाला उतारा म्हणून ॲट्रोपिन सुरू केलं. “दर दहा मिनिटांनी बॅटरी मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ती मोठी व्हायची वाट बघायची.” पहाटेपर्यंत आई तिच्या खाटेपाशीच होती. बाहेर कॅरल म्हणत फिरणारी पोरं दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली, ढोलकी वाजली, नि वॉचमनने त्यांना हळू म्हणायला सांगितलं. मग त्यांनी खरंच हळू म्हटलं, असं आई म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्या पोरीने चहा मागितला.

हे मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. तेव्हा चौथीत-पाचवीत असेन. त्या सकाळीही मी करंज्याच खात बसले असणार.

उरलेला सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी बघितला. ती मुलगी बरी होत असते, शेजारीण तिच्यासाठी सूप घेऊन येते, कारकून तिच्याशी पत्ते खेळतो. नाताळात कोणी कोणासाठी एवढं केलं तरी पुष्कळ, असं मला मनापासून वाटलं. आईला तो कारकून फार आवडला. “हाताला धरून बसलं ना पोरगं,” म्हणाली.

मधे एक दिवस श्रीराम राघवनचा ‘मेरी ख्रिसमस’ झाला. नाताळच्या रात्रीची जुनी मुंबई, एक अनोळखी पुरुष, एक बाई, तिची लहान मुलगी. हा प्रदर्शित झाला १२ जानेवारी २०२४ ला, नाताळ होऊन गेल्यावर. पूर्वार्ध मला सुरेख वाटला. आई मधेच झोपली.

‘डाय हार्ड’ पुण्याहून भावाने फोन करून लावायला लावला. हा नाताळचा सिनेमा की नाही यावर लोक तावातावाने भांडतात. गोष्ट सगळी नाताळच्या आदल्या रात्रीची, पण अमेरिकेत तो आला १९८८ च्या जुलैत, ऐन उन्हाळ्यात. माझ्या लेखी तो नाताळचाच, आणि त्याचं कारण नायक नाही. कारण तो जाड्या हवालदार. गरोदर बायकोसाठी दुकानातून खाऊ घेऊन तो निघालेला असतो आणि वायरलेसवर सांगतात, जरा त्या इमारतीकडे चक्कर मारून ये. मग सबंध रात्र तो खाली उभा, आणि वर काचांनी पाय फाटलेला एकटा नायक त्याच्या आवाजाच्या आधाराने तग धरतो. दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नसतं. आईने ते पाय बघितले आणि विचारलं, “धनुर्वाताचं इंजेक्शन कधी देणार त्याला?” शेवटपर्यंत तिचं लक्ष त्या पायांवरच होतं.

परवा सातोशी कोनचा ‘टोकियो गॉडफादर्स’ लावला. २००३ चा जपानी ॲनिमेशनपट. आईला वाटलं लहान मुलांचं काहीतरी आहे. टोकियोच्या रस्त्यावर राहणारे तिघं. एक दारुडा, घरातून पळालेली एक शाळकरी पोर आणि हाना, पुरुषाच्या देहात जन्मलेली, पण मनाने बाई. सुरुवातीला चर्चमध्ये येशूजन्माचं नाटक चालू असतं, आणि ही माणसं त्यानंतर मिळणाऱ्या फुकटच्या जेवणासाठी आलेली. त्याच रात्री त्यांना कचऱ्यात एक तान्ही मुलगी सापडते. हाना तिचं नाव ठेवते कियोको, म्हणजे निर्मळ. मग तिच्या आईबापांच्या शोधात हे तिघं थंडीत शहरभर वणवण करतात.

गव्हाणीतल्या बाळाची गोष्ट मी शाळेत दरवर्षी पोरांना सांगते. धर्मशाळेत जागा मिळाली नाही, हे वाक्य तर पाठच झालंय. पण जागा न मिळणं म्हणजे काय, ते या चित्रांनी दाखवलं. पोरगी भुकेने रडते आणि हानाच्या अंगाखांद्याला दूध नाही, तिथे आईने डोळे पुसले. “कामून टाकतात गं लेकरं?” एवढंच बोलली. वॉर्डात असं टाकलेलं मूल तिने सांभाळलं असेल का, हे मी विचारलं नाही. विचारीन कधीतरी. सातोशी कोन २०१० साली वारले, अवघे ४६ वर्षांचे. त्यांनी आणखी पन्नास वर्षं सिनेमे करायला हवे होते.

आज रात्री ‘३६ चौरंगी लेन’. अपर्णा सेनने दिग्दर्शित केलेला हा पहिला सिनेमा, १९८१ चा, निर्माते शशी कपूर. कलकत्त्यातली म्हातारी अँग्लो-इंडियन शिक्षिका मिस स्टोनहॅम, म्हणजे जेनिफर केंडल. एकटी, सोबतीला मांजर. जुनी विद्यार्थिनी भेटते. तिला आणि तिच्या मित्राला भेटायला जागा हवी असते, म्हणून दोघं म्हातारीशी गोड वागतात. म्हातारीला वाटतं, आपल्याला माणसं मिळाली. पुढे त्यांचं लग्न होतं आणि गरज संपते. नाताळला ती त्यांच्यासाठी केक करते. आम्ही गावात नाही, असं ते तिला खोटंच सांगतात. तरी ती केक ठेवून यावा म्हणून जाते, तर घर दिव्यांनी उजळलेलं आणि आत पार्टी रंगात आलेली. ती बाहेरूनच बघते. केक हातातच. परतताना रस्त्यावरच्या कुत्र्याला शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चे संवाद म्हणून दाखवत जाते.

सिनेमा संपला तरी आई काही बोलेना. मग म्हणाली, “दार वाजवायला पाहिजे होतं तिनं. हातात केक होता की.” मी म्हटलं, अगं, ती कशी वाजवेल? “मग आतल्यांनी तरी बघायचं ना खिडकीतून.”

आणि उठली. रात्री दहा वाजता. स्वेटर चढवला आणि पायात चपला सरकवल्या. फडताळातून तोच आद्याक्षरांचा डबा काढला. या वेळी मावशींनी तो सकाळी वाड्यातल्या पोराबरोबर पाठवून दिला होता, गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. त्यांची मुलं दोन्ही बाहेर, यंदा कोणाला रजा मिळाली नाही, हे आम्हाला आठ दिवसांपासून ठाऊक होतं. डब्यात आईने तिळाच्या वड्या भरल्या. मी बॅटरी घेऊन मागे निघाले.

मावशींच्या दारात कागदी तारा लावलेला होता, आतला बल्ब चालू. आईने कडी वाजवली. आतून आवाज आला, “कोण?”

“नाईटवाली,” आई म्हणाली.

आम्ही तासभर बसलो. उद्या सिनेमाला या, असं आईने बजावलं तर मावशी म्हणाल्या, जिना? मग आम्हीच लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायचं ठरलं. टोकियोचाच पुन्हा लाव म्हणतेय आई, त्यातलं बाळ मावशींना दाखवायचंय.